लहान मुलाची केस आली की तक्ता बाजूला ठेवा

अंत्यसंस्कार सेवेत ड्युट्या लावायचं काम मी अकरा वर्षं करतेय. त्याआधी पार्थिवांना आंघोळ घालायचं, कपडे चढवायचं काम स्वतः केलंय. तरी एक चूक माझ्याकडून झालीच.

आमचा एक ड्रायव्हर फेरीवरून आला की शववाहिकेचा मागचा भाग अर्धा अर्धा तास धुवायचा. किती निगुतीने काम करतो, म्हणून मी त्याचं कौतुकही केलं. मग एकदा रजिस्टर चाळताना दिसलं, त्या महिन्यातली तिन्ही लहान मुलं त्यानेच नेली होती. ड्युट्यांचा तक्ता माझाच.

तेव्हापासून रजिस्टरच्या मागच्या पानावर मी वेगळी नोंद ठेवते: लहान मूल, आत्महत्या, अपघात, उशिरा सापडलेला देह, आणि त्या केसला आमच्यापैकी कोण गेलं. अशा दोन केसेस लागोपाठ झाल्या की तिसरी दुसऱ्याकडे. मुलाची केस असेल तर तक्त्यात कोणाचंही नाव असो, आधी बाजूला घेऊन विचारायचं, "घेशील, की दुसऱ्याला सांगू?" नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. ज्याच्या घरी त्याच वयाचं पोर आहे, त्याला तर स्वतःहून सूट द्या. आणि एकट्याला कधीच पाठवू नका.

परत आल्यावर "बरा आहेस ना?" विचारू नका. उत्तर "हो" हेच येतं. मी कामाचं विचारते: जिना अरुंद होता का, घरच्यांनी घाई केली का? बोलायचं असेल तर त्यातूनच बाहेर येतं. नसेल, तर सोडून द्या. एका मोठ्या अपघातानंतर आम्ही सगळ्यांना गोल बसवून एकेकाला बोलायला लावलं होतं. एक मुलगी पुढचे दोन दिवस कामालाच आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या 2011 च्या पुस्तिकेतही हेच आहे, की ऐकायला तयार राहा, पण बोलायची बळजबरी नको. महिना उलटूनही झोप लागत नसेल, तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, किंवा दारू वाढली असेल, तर मात्र डॉक्टरकडे न्या. "जाऊन ये" म्हणू नका, सोबत जा.

शरीराची काळजी यातच आली. देह टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये ठरवलं. साधा मास्क ही वाफ अडवत नाही. खोलीची हवा बाहेर खेचणारी यंत्रणा चालू हवी. हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीनही डोस झालेत का ते बघा, पहिल्यानंतर साधारण एका आणि सहा महिन्यांनी. सुई टोचली तर एचआयव्ही रोखणारं औषध लवकरात लवकर, फार तर 72 तासांत सुरू व्हावं लागतं. म्हणून टोचल्याचं सांगायला आलेल्याला रागावू नका; रागावलात, तर पुढचा सांगणारच नाही.

राहिला फोन. माझं नाव स्क्रीनवर दिसलं की कोणीतरी गेलंय, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात भिनलंय. सुट्टीच्या दिवशी मी फोन करतच नाही. करावाच लागला तर "हॅलो"च्याही आधी म्हणते, "कामाचं नाही रे."