आकलन मोजायला गेले आणि भलतंच मोजून बसले

एम.एड.चा लघुशोधप्रबंध नोकरी सांभाळून करताय आणि विषय 'अमुक अध्यापन पद्धतीचा वाचन आकलनावर होणारा परिणाम' असा घेतलाय? मग आधी तुमची चाचणी काढून समोर ठेवा. परिकल्पना, न्यादर्श, टी-मूल्य हे सगळं तुम्हाला येतं. मलाही येत होतं. मी अडकले ती प्रश्नपत्रिकेत.

मी पारस्परिक अध्यापन घेतलं होतं. पालिंक्सार आणि ब्राउन यांनी 1984 साली मांडलेली पद्धत. मुलं छोट्या गटात उतारा वाचतात, पुढे काय येईल याचा अंदाज बांधतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, अडलेलं सोडवतात, सारांश सांगतात आणि हळूहळू बाईंची जागा मुलंच घेतात. सातवीला पाच आठवडे घेतलं. मुलं रंगून गेली. कधी न बोलणारी पोरं गटात वाद घालायला लागली.

उत्तर चाचणीच्या, म्हणजे पद्धत शिकवून झाल्यावरच्या चाचणीच्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे माझं लक्ष गेलं. प्रश्न होता, 'विहिरीचं पाणी कशामुळे मचूळ झालं?' तिने 'मचूळ'वर बोट ठेवलं, मग तेच बोट उताऱ्यावरून फिरवत नेलं, 'मचूळ' सापडल्यावर थांबली आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढलं. पेपर झाल्यावर मी विचारलं, "मचूळ म्हणजे काय गं?"

"माहीत नाही बाई. पण तिथे लिहिलं होतं."

पूर्ण गुण होते तिला.

हे नीट समजून घ्या, म्हणून जरा लांबण लावते. 'टमकूने झिलपात भिरडा गुंचला.' आता सांगा, टमकूने भिरडा कुठे गुंचला? झिलपात. उत्तर बरोबर, अर्थ काहीच कळलेला नाही. माझ्या 20 प्रश्नांपैकी 14 याच जातीचे निघाले. त्याहून वाईट म्हणजे प्रायोगिक गटातली, म्हणजे या पद्धतीने शिकलेली मुलं पाच आठवडे एकमेकांना असेच प्रश्न विचारत होती. म्हणजे वाढलेले गुण आकलनाचे की शब्द हुडकण्याच्या सरावाचे, हे मला सांगता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर रोझेनशाइन आणि मेइस्टर यांचा 1994 सालचा आढावा हाती लागला. याच पद्धतीवरचे 16 अभ्यास त्यांनी तपासले होते. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर परिणामाचं मध्यक मूल्य 0.88, प्रमाणित चाचण्यांवर 0.32. म्हणजे चाचणी स्वतःची असली की फरक बराच मोठा दिसला होता. हा आढावा मी आधी वाचायला हवा होता.

आता चाचणी बनवताना मी दोन गोष्टी करते. उतारा न देता नुसते प्रश्न दुसऱ्या तुकडीतल्या आठ-दहा मुलांना देते. जे सुटतात ते सामान्यज्ञानाचे, ते काढून टाकते. मग उताऱ्यातले महत्त्वाचे शब्द खोडून तिथे टमकू-झिलपा घालते आणि प्रश्न स्वतः सोडवते. तरीही सुटला तर तोही बाद. राहतात ते दोन-तीन वाक्यं जोडल्याशिवाय न सुटणारे प्रश्न. ते कमीच उरतात, उतारे वाढवावे लागतात. उतारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे घ्या, 'किशोर'च्या जुन्या अंकांत भरपूर मिळतील.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रबंधातून चाचणी उचलू नका. अजिबात नका. आणि 'तज्ज्ञांचे मत' म्हणून तीन सह्या मिळाल्या की चाचणी चांगली झाली असंही समजू नका. माझ्या चाचणीवर तीन सह्या होत्या. त्यातली खोट आमच्या चौथीच्या बाईंनी मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत दाखवली. ज्या रोज वाचायला शिकवतात, त्यांना आधी दाखवा.

घाबरू नका मात्र. मी नवी चाचणी करून पुन्हा घेतली. तुलनेपुरत्या ठेवलेल्या थेट प्रश्नांत दोन्ही गट (या पद्धतीने शिकलेला आणि न शिकलेला) सारखेच निघाले, तर्काच्या प्रश्नांत थोडाच पण फरक राहिला. तेवढाच लिहिला आणि प्रबंध मान्य झाला. कमी फरकाने कुणी नापास होत नाही.

एक मात्र हातातून निसटलं. पुन्हा चाचणी घेईपर्यंत दसरा उलटून गेला होता. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, तिच्याबरोबर आणखी सहा जण. तुमची शाळा अशा गावात असेल तर परवानगीचा अर्ज जूनमध्येच द्या आणि उत्तर चाचणी सप्टेंबरअखेर उरका.