गाडी सुरू होत नाहीये? आधी सेल्फचा आवाज ऐका

सकाळी घाईच्या वेळी चावी फिरवली आणि गाडी सुरूच झाली नाही की बहुतेक लोक एकच काम करतात, परत चावी फिरव, परत फिरव, आणि बॅटरीत जो थोडाफार जीव उरलेला असतो तोही घालवून बसतात. एकदाच सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारा, एसी-टेप-लाइट सगळं बंद ठेवून, आणि नीट ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

अर्थात त्याआधी साधं बघून घ्या: ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे ना, बटणवाली असेल तर ब्रेक (मॅन्युअलला क्लच) पूर्ण दाबलाय ना. मीटरवर चावी सापडत नाही असा मेसेज येत असेल तर चावीतला सेल संपलाय, बऱ्याच चाव्यांमध्ये सीआर २०३२ हा चपटा गोल सेल असतो, तो मिळेपर्यंत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बघा, बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात.

आता आवाज. नुसतं टिकटिकटिकटिक होतंय आणि मीटरचे दिवे मंद होतायत किंवा काहीच आवाज नाही आणि हॉर्नही रडका वाजतोय, तर बॅटरी. पावसाळ्यात चार-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं, आणि बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील तर मग आश्चर्य करायचं कारणच नाही. मल्टिमीटर असेल तर लावा, चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर उतरलीये.

पण लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. बॉनेट उघडा आणि बॅटरीची टर्मिनल (जाड वायरी जोडलेली दोन टोकं) हाताने हलवून बघा, हलत असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पावडर साचली असेल तर कित्येकदा दोष तेवढाच असतो. १० नंबरचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, परत लावताना आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह, वरून थोडं व्हॅसलिन. पावडर डोळ्यात जाऊ देऊ नका, ॲसिडची असते ती.

जंपर केबल असेल आणि शेजारच्या गाडीवाल्याने मदत केली तर क्रम चुकवू नका. लाल आपल्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक त्यांच्या पॉझिटिव्हला, काळी त्यांच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या कुठल्यातरी रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, म्हणून हा खटाटोप. त्यांची गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग आपला सेल्फ मारा, सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. गाडी चालू असताना मल्टिमीटर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दाखवत असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ठीक आहे, १२ च्या आसपासच अडकला असेल तर नवी बॅटरीही दोन दिवसांत बसणार.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि सोसायटीच्या उतारावर नको, ब्रेक आणि स्टिअरिंग इंजिन बंद असताना दगड होतात.

एकच जोरात टक आणि पुढे काही नाही, दिवे मात्र झक्क? मग सेल्फ मोटर किंवा तिची सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच). हे घरचं काम नाही, मेकॅनिकला बोलवा.

सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये, ही तिसरी तऱ्हा, आणि इथे आपल्याकडे सीएनजीवाले हमखास सापडतात. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात (टाटाच्या आय-सीएनजीसारख्या काही थेट गॅसवर होतात). लोक पेट्रोल महाग म्हणून महिनोन् महिने काटा तळाला ठेवतात. मग एक दिवस टाकीत कमीच पडतं किंवा पंप जळतो, कारण टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाच-सात लिटर कायम ठेवत जा बाबांनो. तपासायचं कसं, चावी ऑन करा, सेल्फ न मारता, मागच्या सीटकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून पंपाचा फ्यूज काढा, उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, जास्तीचा नको. मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. आणि बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी बघा, कुरतडलेली एक वायर पुरते. डिझेलवाल्यांनी मीटरवरचा हीटरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

शेवटचं आणि सगळ्यात महागाचं. गाडी पाण्यात उभी होती किंवा साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली तर सेल्फ अजिबात मारायचा नाही, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो काढून ठेवा, गाडी चारही चाकं उचलणाऱ्या टो व्हॅनने न्या, आणि विमा कंपनीला आधी फोन करा, कारण साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अशा इंजिनचा खर्च सहसा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं.