खाजनाच्या गाळातून शिशाला दाद न देणारे जीवाणू कसे काढावेत

खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या काठच्या खाजनातला गाळ मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ), पूर्ण ओहोटीला घ्या. वरचा सेंटिमीटरभर थर सारून खालचा गाळ प्लॅस्टिकच्या चमच्याने निर्जंतुक बाटलीत भरा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी कामाला लागा. १ ग्रॅम गाळ ९ मिलि निर्जंतुक खाऱ्या पाण्यात ढवळून पुढे दहा हजारपट विरळ करा.

बहुतेकांचं गणित चुकतं ते माध्यमात. न्यूट्रियंट अगार या नेहमीच्या माध्यमातलं पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) शिशाला बांधून ठेवतं, फॉस्फेट त्याचा साका करतं. जीवाणूपर्यंत शिसं पोचतच नाही आणि साधा जीवाणूही कणखर वाटतो. म्हणून ट्रिस (सामू स्थिर ठेवणारं रसायन) वापरलेलं माध्यम घ्या: लिटरला ६.०६ ग्रॅम ट्रिस, सामू ७, ग्लुकोनेट ०.२ टक्के, फॉस्फेटऐवजी बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, सल्फेट नाममात्र. सामू वर गेला की शिशाचं हायड्रॉक्साइड खाली बसतं.

३.३१ ग्रॅम लेड नायट्रेट १०० मिलि पाण्यात विरघळवलं की १०० मिलिमोलर द्रावण मिळतं. हातमोजे घाला. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून ५० अंशांवर आलेल्या अगारात मिसळा. १०० मिलि अगारात ०.८ मिलि म्हणजे सुमारे ०.८ मिलिमोलर. ०.४ आणि १.६ च्याही प्लेटा करा, शिसं नसलेली एक हवीच. विरळ केलेल्या गाळाचं ०.१ मिलि प्लेटवर पसरवून ३० अंशांवर ४८ तास ठेवा. वसाहत काळी पडली तर बहुधा सल्फाइड तयार होऊन शिसं त्यात अडकलंय.

तग धरणं वेगळं, साठवणं वेगळं. पंपाने शिसं बाहेर फेकणारा जीवाणू तगतो, पण साठवत नाही. साठवणारे कुणी ते मेटॅलोथायोनिन प्रथिनात बांधतात, कुणी पेशीभोवतीच्या बुळबुळीत आवरणात धरतात, कुणी फॉस्फेटचा साका करतात. हे ओळखायला शिशात वाढवलेल्या, वाढीच्या मध्यावरच्या पेशी सेंट्रिफ्यूज करून दोन भाग करा. एक भाग १० मिलिमोलर ईडीटीएने (धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) धुवा, पण पाच मिनिटांतच, नाहीतर ग्रॅम-ऋण (बाहेर आणखी एक पटल असलेल्या) पेशींचं बाह्य आवरण सैल पडून आतलं शिसंही निघतं. दोन्ही भाग वाळवून वजन करा, फ्यूम हूडखाली नायट्रिक आम्लात विरघळवा आणि अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर शिसं मोजा. फरक म्हणजे पृष्ठभागावरचं शिसं, धुतलेल्या पेशीत उरलं ते आतलं. उष्णतेने मारलेल्या पेशी आणि पेशीविना नुसतं माध्यम यांचीही मोजणी हवी. काचेला चिकटलेलं शिसं नाहीतर जीवाणूच्या खात्यावर पडतं.

शिशाचं उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, झाकणाच्या डब्यात जमवून घातक कचऱ्यात द्या. चांगली वसाहत मिळाली की लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. प्रतिकाराची जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावर) असतात, आणि शिशाविना वारंवार वाढवलं की ती गळून जातात.