राउटरला ओपनडब्ल्यूआरटी टाकताय? रेडिओच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

वळीव पडून गेला की वीज लागून मेलेले राउटर माझ्याकडे येतात, त्याचं मला काही वाटत नाही, विजेला कोण अडवणार. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं वर्षभर जे येतात ते माणसांनी हाताने मारलेले असतात, आणि दर वेळी त्याच त्या चुकांनी. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आधीच सांगतो, मी ओपन फर्मवेअरच्या, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये टाकता येणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीसारख्या खुल्या सॉफ्टवेअरच्या बाजूचा आहे. कंपनी दोन-तीन वर्षांत अपडेट द्यायची बंद करते, डबा मात्र अजून दहा वर्षं चालेल असा असतो, आणि तो तुमच्या पैशाने घेतलाय तर त्यात काय चालवायचं ते तुम्ही ठरवायचं. पण त्यातला रेडिओ एकट्या तुमचा नाही, हवा शेजाऱ्याचीपण आहे. हा फरक ज्याला कळत नाही तोच पहिली चूक करतो.

कंट्री कोड (कुठल्या देशाचे रेडिओ नियम पाळायचे ते सेटिंग) बदलून 'पॉवर वाढवणे'

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं ओळखीच्या तात्यांचा फोन. "रेंज फुल्ल दाखवतंय रे, पण व्हॉट्सॲपवर फोटो काय जाईना." गेलो. मातीच्या जाड भिंतींचं जुनं घर, राउटर आतल्या खोलीत कपाटावर, आणि तात्या बसणार बाहेर पडवीत. त्यांच्या नातवाने सुट्टीत येऊन ओपनडब्ल्यूआरटी टाकलेलं, ते त्याने नीट टाकलं होतं, पण कुठल्यातरी व्हिडिओत बघून कंट्री कोड बोलिव्हियाचा केलेला आणि ट्रान्समिट पॉवर शेवटपर्यंत ओढलेली. पडवीत मोबाईलवर सगळ्या दांड्या भरलेल्या. स्पीड टेस्ट लावली तर डाउनलोड रडतखडत, अपलोड जवळजवळ नाहीच.

आता हे का होतं ते एकदा डोक्यात घ्या, परत सांगायला लागू नये. मोबाईलवरच्या दांड्या म्हणजे मोबाईलला राउटर किती जोरात ऐकू येतो तेवढंच. राउटरला मोबाईल ऐकू येतो का, हे त्या दांड्या सांगत नाहीत. आणि वायफायमध्ये डेटाचा तुकडा पोचला की समोरच्याने 'पोचला' म्हणून उलट पोच द्यायची असते, ती नाही आली की तोच तुकडा परत पाठवायचा. मोबाईलचा आवाज बारीक, बॅटरीवर चालतो तो, त्यामुळे राउटर ओरडतोय आणि मोबाईलची पोच भिंतीतच विरतेय. वर चिप तिच्या ताकदीपलीकडं ओढली की सिग्नल फाटतो आणि वरचे स्पीड आधी जातात.

आणि वाईट याचं वाटतं की बोलिव्हियाची गरजच नव्हती. आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, ट्रान्समीटरला १ वॅट आणि अँटेनासकट ४ वॅटपर्यंत मुभा आहे. बहुतेक घरगुती राउटर त्याच्या जवळपासही जात नाहीत. ५ गिगाहर्ट्झमध्येपण २०१८ ला ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले. म्हणजे तुमची रेंज कायद्याने नाही, भिंतीने अडवलेली असते. ही मुभा मात्र एका अटीवर आहे: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही.

मी काय केलं? कंट्री कोड परत भारताचा, पॉवर उलटी थोडी कमी, आणि घरात पडलेला दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरनं आलेलं नेट वायफायने पसरवणारा) करून पडवीच्या दाराशी, मध्ये लॅन केबल, कौलाखालच्या वाशाला बांधून नेलेली. एक दुपार गेली. तात्यांनी मुंबईच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. केबल ओढायचा कंटाळा करणाऱ्या पोरांना मी दर वेळी हेच सांगतो, पण सेटिंगमधला आकडा वाढवणं त्यांना सोपं वाटतं.

कंट्री कोडच्या या खेळाचा मला एवढा राग का, तर याच खेळाने आपल्या सगळ्यांचे राउटर कुलूपबंद व्हायची वेळ आणली होती. अमेरिकेत विमानतळांजवळ हवामानाचे रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, उतरणाऱ्या विमानाला वाऱ्याचा अचानक बदल कळावा म्हणून. पोर्तो रिकोच्या सान हुआनसारख्या ठिकाणी त्यांच्यात बाहेर लावलेल्या वायरलेस यंत्रांचा गोंगाट यायला लागला. मग तिथल्या एफसीसीने (रेडिओ लहरींचे नियम करणारं सरकारी खातं) २०१४ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे नियम कडक केले, आणि मार्च २०१५ च्या एका मार्गदर्शक कागदात कंपन्यांना चक्क डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या ओपन फर्मवेअरचं नाव घेऊन विचारलं की असलं फर्मवेअर कुणी टाकू नये म्हणून तुम्ही काय केलंय. लोक पेटले. इंटरनेटच्या जनकांतले विंट सर्फ आणि ओपन फर्मवेअरवर काम करणारे डेव्ह टॅट यांच्यासह अडीचशेच्या वर जाणकारांनी पत्र लिहिलं, की रेडिओ जपा पण फर्मवेअर बंद करू नका, उलट सोर्स उघडा म्हणजे सुरक्षेच्या चुका तरी दुरुस्त होतील. नोव्हेंबर २०१५ ला एफसीसीने तो कागद बदलला आणि सांगितलं की आम्हाला फक्त रेडिओ नियमाबाहेर जायला नको आहे.

पण फक्त रेडिओला कुलूप लावायला कंपनीला कष्ट पडतात. स्वस्त राउटरमध्ये एकच चिप, एकच फर्मवेअर, रेडिओपण त्यातच आणि फायरवॉलपण त्यातच. सगळ्यालाच कुलूप लावणं स्वस्त पडतं. नियम रेडिओपुरता, आणि हात बांधले गेले तुमचे सगळीकडं. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरणांच्या निर्देशातपण सॉफ्टवेअरवर अशीच अट घालायची सोय ठेवलीय. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने एफसीसीला २ लाख डॉलर भरले, कारण तिच्या काही राउटरमध्ये कंट्री सेटिंग बदलून २.४ गिगाहर्ट्झची पॉवर हद्दीबाहेर नेता येत होती. म्हणजे तात्यांच्या नातवाने केलं तेच. त्याच तडजोडीत कंपनीने बाहेरच्या ओपन फर्मवेअरला वाट ठेवण्याच्या दिशेने काम करायचंही मान्य केलं, हे एफसीसीने स्वतः घालून घेतलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आपण रेडिओ नियमात ठेवला तर कुलूप लावायला कुणाकडं कारण उरत नाही.

डीएफएस (रडार दिसला की चॅनेल सोडायची राउटरमधली सोय) बंद करायला बघणे

सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या बाजूला एका घरी ५ गिगाहर्ट्झ मधेच गायब व्हायचं, दोन राउटर बदलून झालेले. मी लॉग उघडला तर सरळ लिहिलेलं, रडार सापडला, चॅनेल सोडला. खरा रडार होता की चिपला झालेला भास, याने फरक पडत नाही. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ मधले चॅनेल घेतले की राउटरने आधी मिनिटभर नुसतं ऐकायचं असतं, आणि रडारची चाहूल लागली तर निघून जाऊन अर्धा तास परत यायचं नाही. अधीर माणूस त्या पहिल्या मिनिटातच 'वायफाय आलं नाही' म्हणून रीस्टार्ट मारतो, परत मिनिट, परत रीस्टार्ट. मग डीएफएस काढून टाकलेलं कुणीतरी बनवलेलं फर्मवेअर शोधत बसतो. नका टाकू. चॅनेल ३६ ते ४८ मधला घ्या, विषय संपला. मी घरांमध्ये पहिल्यापासून ३६ च लावतो, गर्दी झाली तर १४९.

हार्डवेअर व्हर्जन न बघता फ्लॅश करणे (म्हणजे नवं फर्मवेअर घालणे)

डब्यावर नाव तेच, आत चिप वेगळी. मॉडेलच्या नावापुढं व्ही ४, व्ही ५ असं बारीक लिहिलेलं असतं ते मागच्या स्टिकरवर, खोक्यावर असेलच असं नाही. चिकोडीच्या एका पोराने व्ही ४ ची फाइल व्ही ५ मध्ये घातली, दिवा एकच लुकलुकत राहिला. त्या मॉडेलला टीएफटीपीची (केबलवरनं फर्मवेअर परत घालायची) सोय होती म्हणून वाचला: लॅपटॉपला हाताने आयपी १९२.१६८.०.६६ द्यायचा, कंपनीचं फर्मवेअर तिला हवं त्याच नावाने ठेवायचं, रीसेट दाबून धरत वीज चालू करायची. चौथ्या प्रयत्नात घेतलं. तोवर तो तीनदा म्हणाला, राहू दे दादा, नवीन घेतो. टाकायची घाई आणि सोडायचीपण घाई, दोन्ही एकाच माणसात असतात.

बाकीच्या भराभर सांगतो.

कॅलिब्रेशनचं पार्टिशन (राउटरच्या मेमरीतला तो भाग) पुसू नका. त्या एका डब्याचा रेडिओ कारखान्यात मोजून त्याचे आकडे तिथं लिहिलेले असतात, दुसऱ्याचे आणून घातले तर वायफाय चालेलही पण नीट कधीच चालणार नाही. पहिल्या दिवशीच त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.

फ्लॅश नेहमी लॅन केबलवरनं, आणि पाऊस-वाऱ्यात करायचं असेल तर राउटर यूपीएसवर. आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

टाकल्यावर वायफाय दिसत नाही म्हणून फोन करू नका, ओपनडब्ल्यूआरटीत ते बहुतेक डब्यांवर मुद्दाम बंद असतं. केबल लावा, १९२.१६८.१.१ उघडा, कंट्री कोड भरा, मग चालू करा.

कंपनीच्या फर्मवेअरवरनं जाताना पहिल्यांदा फॅक्टरी इमेज नावाची फाइल, नंतर ओपनडब्ल्यूआरटी नवं करायला सिस-अपग्रेडची, उलटं नाही.

फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात टाकायला जाऊ नका. तो त्याचा आहे, ब्रिज मोडवर (म्हणजे तो नुसतं नेट पुढं देईल असा) लावून घ्या आणि मागे तुमचा राउटर जोडा.

मेलेला राउटर उठवायला बोर्डाला थेट जोडायची सीरियल केबल ३.३ व्होल्टचीच, ५ व्होल्टने बोर्ड जळालेला मी पाहिलाय.

४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा जुना डबा नव्या ओपनडब्ल्यूआरटीला पुरत नाही, कितीही जीव असला त्याच्यावर तरी.

नवीनच घेणार असाल आणि खिसा परवडत असेल तर २०२४ च्या शेवटी आलेला ओपनडब्ल्यूआरटी वन बघा, त्यात दोन वेगळ्या फ्लॅश चिप आहेत, एक बिघडली तर स्विचने दुसरीवरनं उठवता येतो. नाहीतर दुकानातला साधा घ्या, पण काउंटरवरच डबा उलटा करून स्टिकरवरचं व्हर्जन वाचा, ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत ते आहे का मोबाईलवर तिथंच बघा, आणि दुकानदार कितीही घाई करू दे, पैसे त्यानंतर द्या.