निबंध लिहायला बसण्याआधी

दोन कोरे कागद घ्या, उत्तरपत्रिका बाजूलाच ठेवा. पाचशे शब्दांच्या निबंधाला तासभर मिळत असेल, तर पहिली पंधरा मिनिटे या कागदांची. त्यातली निम्मी एकाच वाक्यात जातील, जाऊ द्या.

ते वाक्य म्हणजे निबंधाचे मुख्य विधान. समजा, विषय आला ‘खानदेशातील फड पद्धत’. बहुतेक वह्यांत सुरुवात होते ती अशी: ‘फड पद्धत ही धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरची पारंपरिक सिंचन व्यवस्था आहे.’ खरे आहे, पण ही नुसती माहिती झाली. तिला कोणी नाही म्हणणार नाही, मग पुढची चार पाने पटवून काय देणार? वाक्यापुढे ‘कशावरून?’ विचारा, उत्तर देणे भाग पडले तरच ते विधान. ‘फड पद्धत टिकली ती बंधाऱ्यांच्या दगडांपेक्षा पाणीवाटपाच्या नियमांमुळे’ असे लिहिले की बंधाऱ्याची बाजू घेणारा लगेच उभा राहतो. तो उभा राहायलाच हवा. ‘अतिशय महत्त्वाची’, ‘फार उपयुक्त’ हे शब्द विधानात आले तर खोडा. कोणाला आणि कशासाठी, ते लिहा. पंचवीस शब्दांत मावत नसेल तर बहुधा दोन निबंध एकमेकांत घुसलेत.

दुसऱ्या कागदावर विधानाखाली तीनदा ‘कारण’ लिहा आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ. याच ओळी परिच्छेदांची पहिली वाक्ये होतात. एक कारण सापडलेच नाही तर ओढूनताणून आणू नका, दोन परिच्छेद भक्कम करा.

परिच्छेद साधारण शंभर शब्दांचा: आधी मुद्दा, मग पुरावा, मग पुराव्याचा अर्थ. गाडी अडते ती या तिसऱ्या पायरीवर. ‘एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचे पीक एकच असे’ एवढे लिहून मुले पुढच्या मुद्द्यावर उडी मारतात. त्याने काय झाले? पीक एकच, म्हणजे पाण्याची गरजही एकाच वेळी; पाळी ठरवणे सोपे, म्हणून भांडणाला जागा कमी. ही दोन वाक्ये आली की पुरावा विधानाला चिकटतो. पाटकऱ्याचेही तसेच. पाणी फिरवायला नेमलेला माणूस होता, एवढ्यावर थांबू नका. ज्याने त्याने आपल्या हाताने पाट फोडला असता तर शेवटच्या शेताचे काय झाले असते, ते सांगा. बहिणाबाईंची ओळ सुरुवातीला टाकायचा मोह अनेकांना होतो. ती विधानाच्या कामी येत नसेल तर राहू द्या.

कारणांचे परिच्छेद झाले की पुढचा परिच्छेद विरोधकाला द्या: बंधाराच नसता तर वाटायला पाणी कुठून आले असते? हे मान्य करा आणि मग आपले विधान कुठवर लागू पडते ते सांगा.

आता फक्त विधान आणि परिच्छेदांची पहिली वाक्ये सलग वाचा. ‘तसेच’ आणि ‘याशिवाय’ यांवरच सांधे जुळत असतील तर क्रम पुन्हा लावा. परिच्छेद भलतेच सिद्ध करत असतील तर बहुतेक वेळा विधान बदलणे स्वस्त पडते; ते अजून कागदावर पेन्सिलीनेच आहे.

मग उत्तरपत्रिका उघडा. शेवटची पाच मिनिटे शुद्धलेखनाला ठेवा, निदान विषयातला शब्द तरी बरोबर हवा: ‘पध्दत’ नव्हे, ‘पद्धत’.