संगणक मंदावला असेल तर: पाठीमागे चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांचा शोध

देवगड परिसरात हापूसचा हंगाम तोंडावर आला की पेट्यांचे हिशेब ठेवणारे जुने संगणक दुरुस्तीला येऊ लागतात. तक्रार बहुधा एकच असते: यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात आणि बिल छापायला घेतले की अडकून बसते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण माझ्या अनुभवात त्याची गरज क्वचितच पडते. मुदत संपलेले आणि पाठीमागे चालत राहिलेले मदतनीस प्रोग्राम शोधून काढले की बरेचसे काम होते, आणि त्यासाठी लागणारी साधने विंडोजमध्येच असतात. मात्र कशालाही हात लावण्यापूर्वी हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयूखाली लिहिलेला ‘अप टाइम’ आधी पाहावा. गेल्या हंगामात एका बागायतदार काकांच्या संगणकावर हा आकडा ४१ दिवसांचा निघाला. मी तो दाखवताच ते वैतागून म्हणाले, “मी रोज रात्री बंद करून झोपतंय मरे!” काकांचे खरेच होते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, टचपॅड असे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून पहिला उपाय रीस्टार्ट.

त्यानंतरही यंत्र जड वाटत असेल, तर ‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांच्या शीर्षकांवर एकेकदा क्लिक करून कोण किती खातो ते पाहावे. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे डिस्क १०० टक्के दिसली तरी लगेच घाबरू नये. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ हे नाव वर असेल तर अपडेट बसत आहे असे समजावे आणि ते पूर्ण होऊ द्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर सिस्टिमच्या फाइली बिघडू शकतात. त्यामुळे हे काम इन्व्हर्टर असलेल्या जागी केलेले बरे.

नाव अनोळखी वाटले तर त्यावर उजवे क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. एसव्हीसी-होस्ट या नावाच्या अनेक प्रक्रिया दिसणे स्वाभाविक आहे, परंतु त्यांची फाइल विंडोज फोल्डरातील सिस्टिम३२ मध्ये (६४ बिटच्या विंडोजवर सिसवॉव६४ मध्येही) असली पाहिजे. तीच फाइल टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये सापडली, तर इंटरनेट तोडून पूर्ण व्हायरस तपासणी करावी.

आता टास्क मॅनेजरमधली ‘स्टार्टअप’ची, म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी. काकांच्या यादीत कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता, मुदत संपलेला अँटिव्हायरस होता आणि फ्लॅश प्लेअरही होता, ज्याचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे अपडेट, ३१ डिसेंबर २०२० रोजीच संपला आहे. अशा नोंदी आधी फक्त ‘डिसेबल’ कराव्यात, तेही एका वेळी एक-दोन, आणि दर वेळी रीस्टार्ट करून पाहावे. आवाज आणि टचपॅड यांच्या नोंदींना हात लावू नये. सगळे सुरळीत चालले तरच तो प्रोग्राम काढून टाकावा. अँटिव्हायरस मात्र त्याच कंपनीच्या ‘रिमूव्हल टूल’ने काढावा, कारण त्याचे अवशेष मागे राहिले तर विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटिव्हायरसला अडथळा होऊ शकतो. ड्रायव्हर आपोआप ताजे करून देतो म्हणणारे फुकट प्रोग्राम टाकू नयेत. ते स्वतःच पाठीमागे चालणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतात.

अपडेटच होत नसेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजून वापरायची जोडणी) अशी खूण असेल, तर बरेच अपडेट आपोआप उतरत नाहीत. महिन्यातून एकदा वायफायवर जाऊन ते हाताने उतरवावेत. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. जूनमध्ये बंद करून ठेवलेला संगणक पुढच्या हंगामात उघडला आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात, संकेतस्थळे उघडत नाहीत आणि अपडेटही अडते. बॅटरी बदलून तारीख नीट लावावी.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागत असल्याने अनेक जुनी यंत्रे तिथे अडतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार टाळावेत. पेट्यांची बिले छापायला ते चालेल.