लास वेगसच्या कॅसिनोतील स्टेकहाऊसमध्ये जेवायला जाताना

लास वेगसच्या स्ट्रिप या मुख्य रस्त्यावर असलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॅसिनो-हॉटेलात एक तरी उंची स्टेकहाऊस, म्हणजे मुख्यतः बीफचे जाड काप भाजून देणारे रेस्टॉरंट, असतेच. बेलाजिओमध्ये 'प्राइम' आहे, विनमध्ये 'एसडब्ल्यू', पलाझोमध्ये शेफ वुल्फगँग पक यांचे 'कट' आणि 'पॅरिस' नावाच्या हॉटेलात शेफ गॉर्डन रॅमझी यांचे स्टेकहाऊस. जुगार खेळायला आलेला माणूस भुकेपोटी बाहेर जाऊ नये, म्हणून पूर्वी या शहरातले कॅसिनो स्वस्तात स्टेक आणि बुफे देत असत आणि त्यातला तोटा जुगाराच्या पटावर भरून काढत असत. १९९२ साली पक यांनी सीझर्स पॅलेस हॉटेलाच्या फोरम शॉप्स या बाजारसंकुलात 'स्पागो' हे रेस्टॉरंट सुरू केले, १९९८ साली बेलाजिओ उघडले, आणि पुढे नामवंत शेफच्या नावावर चालणाऱ्या रेस्टॉरंटांची रांगच लागली. आज स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांना जुगारापेक्षा खोल्या, जेवण आणि कार्यक्रम यांतून अधिक उत्पन्न मिळते. पणजीला मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत प्रवेशाच्या तिकिटातच बुफे मिळतो, त्यामुळे तीच कल्पना मनात धरून वेगसला जाणाऱ्याने हा फरक आधीच समजून घ्यावा. येथे पाण्याच्या बाटलीपासून शेवटच्या कॉफीपर्यंत प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लागतात, आणि जेवणाचे समाधान व बिलाचा आकडा या दोन्ही गोष्टी कसे मागवले यावर ठरतात. या संपूर्ण लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे: अशा ठिकाणी माणशी मागवू नये, टेबलासाठी मागवावे.

जागा राखून ठेवणे

शुक्रवार-शनिवारी, नाताळच्या सुट्टीत, किंवा जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन भरते त्या आठवड्यात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत आयत्या वेळी टेबल मिळणे कठीण असते. ओपनटेबल या टेबल-आरक्षणाच्या सेवेवर किंवा त्या हॉटेलच्या संकेतस्थळावर दोन-तीन आठवडे आधी आरक्षण करावे. बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डाचा क्रमांक घेतात आणि ऐनवेळी रद्द केल्यास माणशी काही रक्कम कापतात, म्हणून रद्द करण्याची मुदत तेव्हाच वाचून ठेवावी. 'प्राइम'मधून बेलाजिओची कारंजी दिसतात आणि 'एसडब्ल्यू' विनच्या तळ्याकाठी आहे. अशा ठिकाणी बाहेरच्या किंवा खिडकीजवळच्या टेबलाची विनंती आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. ती मान्य होईलच असे नाही, मात्र दारात उभे राहून केलेल्या विनंतीपेक्षा तिला नक्कीच अधिक वजन असते. दोघेच असाल आणि आरक्षण नसेल, तर बारपाशी बसून पूर्ण मेनूतून मागवता येते का, हे विचारावे. अनेक स्टेकहाऊसांत ती सोय असते आणि तिथली सेवा टेबलाइतकीच चांगली असते.

मुले बरोबर असतील तर नेवाडाचा, म्हणजे लास वेगस ज्या राज्यात आहे तिथला, नियम लक्षात ठेवावा. २१ वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोच्या दालनातून चालत जाता येते, परंतु मशीन किंवा पटांजवळ थांबता येत नाही, आणि बारवर बसता येत नाही. काही स्टेकहाऊस अगदी लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून आरक्षण करतानाच मुलांचे वय सांगून टाकावे.

पार्किंगपासून किंवा आपल्या खोलीपासून रेस्टॉरंटच्या दारापर्यंत पोचायला वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळ लागतो, कारण रस्ता जवळजवळ नेहमी कॅसिनोच्या मधून जातो. नेवाडात २००६ पासून रेस्टॉरंटांत धूम्रपानाला बंदी आहे, तरी कॅसिनोच्या जुगाराच्या भागात ते चालते, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्यांनी जवळचे प्रवेशद्वार आधी विचारून घ्यावे. पोशाखाबाबत फार चिंता करण्याचे कारण नाही. पुरुषांना कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि बंद बूट पुरतात, आणि स्त्रियांनी साडी किंवा चांगला सलवार-कमीज घातल्यास त्याहून शोभिवंत काही नाही. खेळाचे कपडे, बाह्या नसलेले बनियनवजा शर्ट, टोपी आणि स्लिपर मात्र टाळाव्यात.

मांसाची निवड

स्टेकहाऊसचे स्वयंपाकघर आपल्या मसाल्याच्या स्वयंपाकाहून अगदी निराळ्या तत्त्वावर चालते. येथे मीठ, मिरी, लोणी आणि प्रखर आच यांपलीकडे फारसे काही नसते, म्हणून मांसाचा दर्जा आणि कट, म्हणजे तो तुकडा जनावराच्या कोणत्या भागाचा आहे, यांनाच सारे महत्त्व येते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रतवारीत 'प्राइम' ही सर्वांत वरची प्रत आहे आणि ती मुख्यतः मांसात विणल्या गेलेल्या चरबीच्या बारीक रेषांवरून, म्हणजे मार्बलिंगवरून, ठरते. 'ड्राय एज्ड' असे लिहिलेले असेल, तर ते मांस गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात काही आठवडे उघडे टांगून ठेवलेले असते. त्या काळात पाणी उडून स्वाद दाट होतो, मांसातलीच एन्झाइम्स तंतू मऊ करतात, आणि वरचा सुकलेला थर कापून टाकावा लागत असल्याने किंमत वाढते. त्याला एक प्रकारचा सुक्या मेव्यासारखा, किंचित उग्र वास असतो. पहिल्यांदाच स्टेक खाणाऱ्याला तो आवडेलच असे नाही, म्हणून टेबलावर एकच ड्राय एज्ड कट मागवून सर्वांनी चाखून पाहणे मला शहाणपणाचे वाटते.

कटांपैकी फिले मिन्यॉन सर्वांत मऊ असतो, पण त्यात चरबी कमी असल्याने स्वाद सौम्य असतो. रिबआयमध्ये चरबी भरपूर असते, त्यामुळे तो सर्वांत रसदार लागतो. न्यूयॉर्क स्ट्रिप या दोहोंच्या मधला. पोर्टरहाऊसमध्ये एका हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले असतो, आणि टोमाहॉक म्हणजे लांब हाडासकट येणारा रिबआय. मेनूवर वजन औंसांत असते: ८ औंस म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम, १६ औंस म्हणजे सुमारे ४५५ ग्रॅम. मोठा पोर्टरहाऊस किंवा टोमाहॉक हाडासकट किलोभराचा असतो, म्हणजे तीन माणसांना सहज पुरतो. वाग्यू या जपानी जातीच्या गुरांच्या, 'ए-५' या सर्वांत वरच्या प्रतीच्या मांसाची किंमत पुष्कळदा औंसावर सांगितलेली असते आणि किमान काही औंस घ्यावेच लागतात. ते मांस इतके स्निग्ध असते की तीन-चार घासांनंतर तोंड भरून येते, म्हणून चौघांत किमान मात्रा पुरेशी आहे. अमेरिकन वाग्यू ही बहुधा संकरित जनावरांची जात असते, तेव्हा दोहोंची किंमत एकाच मापाने तोलू नये.

किती भाजायचे, हे सांगताना आपली माणसे बहुधा अडखळतात. मीडियम रेअर म्हणजे आतले तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअस, मधोमध कोमट आणि लालसर. मीडियम म्हणजे ६० च्या आसपास, गुलाबी. वेल डन म्हणजे ७० च्या पुढे, पूर्ण तपकिरी. ताटात उतरणारे लाल पाणी रक्त नसते. ते स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेले पाणी असते. ज्यांना गुलाबी मांस खाणे जड जाते त्यांनी संकोच न करता मीडियम वेल सांगावे, परंतु त्यासाठी रिबआय निवडावा, कारण त्याची चरबी जास्त आच सोसते, तर फिले तेवढ्या आचेत कोरडा होतो. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा अशी आहे. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी याच्या खाली जाऊ नये.

स्टेक आल्यावर सर्व्हर लगेच निघून जात नाही. तो तुम्हाला स्टेक मधोमध कापून पाहायला सांगतो, आणि मंद प्रकाशात रंग कळत नसेल तर काही ठिकाणी छोटा टॉर्चही धरतो. टोमाहॉक असेल तर आधी तो अख्खा दाखवला जातो, मग हाड वेगळे करून मांसाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापून पुन्हा हाडाशेजारी रचल्या जातात. हीच वेळ नीट पाहून घेण्याची आहे. सांगितल्यापेक्षा कमी भाजला असेल तर तो आनंदाने पुन्हा आचेवर जातो. जास्त भाजला गेला असेल तर नवा मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अर्धा खाऊन झाल्यावर तक्रार करणे मात्र बरे दिसत नाही.

बीफ न खाणाऱ्यांसाठी

मराठी मंडळींच्या टेबलावर बीफ न खाणारे कोणीतरी असतेच, आणि त्यांनी उगीच कोपऱ्यात बसून सॅलड चघळावे असे मुळीच नाही. या स्टेकहाऊसांत मासे उत्तम मिळतात: चिलियन सी बास, सामन, लॉबस्टरची शेपटी, अलास्काचा किंग क्रॅब. मटण खाणाऱ्याला लँब चॉप्स ओळखीचे वाटतील. लॉबस्टर आणि खेकड्यापुढे 'मार्केट प्राइस' लिहिलेले असेल तर मागवण्याआधी आकडा विचारावा. त्यात काहीही कमीपणा नाही. विचारायच्या आणखी तीन गोष्टी आहेत: मासा बीफच्याच जाळीवर भाजतात का, सॉसमध्ये हाडांचा अर्क आहे का, आणि बटाट्याचे फ्राइज बीफच्या चरबीत तळतात का. हे सर्व आरक्षणाच्या टिपणात आधीच लिहिले, तर स्वयंपाकघराला वेगळा तवा ठेवायला वेळ मिळतो.

शाकाहाऱ्यांना अधिक सावध राहावे लागते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हे मासे आणि बहुधा कच्चे अंडे असते, फ्रेंच अनियन सूप सहसा बीफच्या अर्कात शिजते, वूस्टरशर सॉसमध्येही मासे असतात, आणि ब्रसेल्स स्प्राउट्स किंवा मॅक अँड चीजवर बेकनचे तुकडे हमखास टाकलेले असतात. विन आणि एन्कोर या हॉटेलांत तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह विन यांनी स्वतः वीगन आहार (दूध-अंड्यांसह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य असलेला) स्वीकारल्यावर २०१० साली प्रत्येक रेस्टॉरंटच्या मेनूत वीगन पदार्थ आणले. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर तिथून चौकशी सुरू करणे सोयीचे जाईल.

टेबलासाठी कसे मागवावे

स्टेकबरोबर येथे काहीच येत नाही. कुस्करलेला बटाटा, क्रीम घातलेला पालक, ॲस्परॅगस, मशरूम या 'साइड्स' वेगळ्या मागवाव्या लागतात, आणि प्रत्येक साइड तिघा-चौघांना पुरेल एवढी असते. चौघांनी माणशी एक स्टार्टर, एक स्टेक, एक साइड आणि एक गोड पदार्थ घेतला, तर साधारण २५, ८०, १६ आणि १८ डॉलर असे धरून ५५६ डॉलर होतात. क्लार्क काउंटीचा (लास वेगस ज्या जिल्ह्यात आहे त्याचा) ८.३७५ टक्के कर आणि २० टक्के टिप मिळवून हा आकडा ७१० च्या पुढे जातो, आणि निम्मे अन्न उरते. त्याऐवजी दोन स्टार्टर, सुमारे २०० डॉलरचा एक मोठा पोर्टरहाऊस किंवा टोमाहॉक, ६० डॉलरचा एक मासा, तीन साइड्स आणि एकच गोड पदार्थ मध्ये ठेवून वाटून घेतला, तर ३८० च्या आसपास बिल होते आणि कर-टिपेसह ४९० च्या आत सगळे आटोपते. चौघांनाही दोन निरनिराळे मुख्य पदार्थ चाखायला मिळतात, हा त्यातला मोठा लाभ. सर्व्हरला सुरुवातीलाच 'आम्ही सगळे वाटून खाणार आहोत' असे सांगावे, म्हणजे तो रिकाम्या थाळ्या आणि मांस कापून आणण्याची व्यवस्था करतो. दोन स्टार्टरांपैकी एक टेबलाशेजारी गाडीवर तयार होणारे काही असेल तर अवश्य घ्यावे. लाकडी वाडग्यात लसूण आणि अँकोव्ही वाटून, त्यात तेल थेंबाथेंबाने फेटत सीझर ड्रेसिंग घट्ट होताना पाहणे हा जेवणाचाच भाग आहे.

वाइनचे मोठे पुस्तक समोर आले की गोंधळून जाऊ नये. सोमलिएला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या जाणकार सेवकाला, मेनूतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून 'साधारण या बेताचे' असे म्हणावे, म्हणजे पाहुण्यांसमोर आकडा उच्चारावा लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या नापाचे कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही लाल वाइन रिबआयबरोबर उत्तम जाते, कारण त्याचा तुरटपणा चरबीचा ओशटपणा धुऊन काढतो. पटावर खेळणाऱ्यांना कॅसिनो मद्य फुकट देते, पण ते पिऊन जेवायला बसल्यास एवढ्या महाग मांसाचा स्वाद कळणार नाही.

बिल आणि त्यानंतर

सहा किंवा अधिक माणसे असतील तर टिप बहुधा बिलातच लावलेली असते, म्हणून पुन्हा देण्याआधी बिल नीट वाचावे. काही ठिकाणी वेगळे शुल्कही जोडलेले असते. त्याबद्दल विचारणे वावगे नाही. एरवी करापूर्वीच्या रकमेवर १८ ते २० टक्के टिप द्यावी, कारण तेथील सेवकांचे उत्पन्न त्यावर बरेच अवलंबून असते. एमजीएम किंवा सीझर्ससारख्या कॅसिनो चालवणाऱ्या कंपन्यांचे सभासदकार्ड असल्यास गुण वापरून जेवण घेता येते, मात्र हॉटेलात भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक रेस्टॉरंटात ते चालेलच असे नाही, आणि टिप सहसा स्वतःच द्यावी लागते. फुकट जेवण मिळावे म्हणून अधिक खेळू नये, हे मी कळकळीने सांगतो: कॅसिनो तुमची पैज, खेळलेला वेळ आणि त्या खेळातला स्वतःचा फायदा यांवरून तुम्ही सरासरी किती हराल हे काढतो, आणि त्यातला एक हिस्साच जेवणाच्या रूपाने परत देतो.

उरलेले मांस आणि हाड बांधून मागण्यात संकोच नसावा. तिथे ती अगदी रूढ गोष्ट आहे. खोलीतल्या मिनीबारमध्ये ते ठेवताना मात्र जपावे, कारण अनेक हॉटेलांत त्यातली वस्तू उचलली की सेन्सर बिलात नोंद करतो, आणि स्वतःचे सामान ठेवल्याबद्दलही शुल्क लागते. त्याऐवजी फोन करून वेगळा छोटा फ्रिज मागवावा. त्याचे पैसे लागतील का, हे फोनवरच विचारून घ्यावे, आणि मांस दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवावे.